भिंतीत दिसणारा तुकडा आणि भिंतीचा तुकडा

पन्नास लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच पन्नास किलो भरतं. टाकीचं वजन वेगळं. हे सगळं भिंतीच्या पुढे लोंबतं, त्यामुळे वरचे बोल्ट सतत बाहेर ओढले जातात. विटांच्या भिंतीत हा प्रश्न येत नाही. आम्ही ओमानमधल्या रुसैलमध्ये ज्या भिंती बनवतो त्यांच्यात येतो. त्यांचा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याचा असतो. खाली-वर ट्रॅक, मध्ये चारशे किंवा सहाशे मिलिमीटरवर उभे स्टड आणि दोन्ही बाजूंनी बोर्ड. जिथे वजन टांगायचं तिथे दोन स्टडांच्या मध्ये आडवा तुकडा, म्हणजे नॉगिंग, नसेल, तर बोल्ट फक्त बोर्डात बसतो.

कामगारांच्या निवासाच्या एका कामात बाथरूमच्या पॅनेलांचं फ्रेमिंग पूर्ण झाल्यावर ग्राहकाचं पत्र आलं : प्रत्येक बाथरूममध्ये भिंतीवर गिझर हवा. सॉफ्टवेअरमध्ये नॉगिंग घातली गेली. त्रिमितीय मॉडेलमध्ये ती अगदी जागच्या जागी दिसत होती. त्याच चित्रावर मंजुरीही मिळाली. पण ती घातली होती मोकळे भाग म्हणून, कुठल्याही पॅनेलच्या नावाशिवाय. पत्रा कापणाऱ्या रोलफॉर्मिंग यंत्राला जाणारी फाइल पॅनेलवार निघते, त्यामुळे यंत्राच्या लेखी ती नॉगिंग नव्हतीच. जोडणीच्या ड्रॉइंगवर नाहीत, मालाच्या यादीत नाहीत. ट्रेलर भरले आणि पाचशे किलोमीटरहून दूर दुक्मला गेले. बोर्ड लागले, टाइल्स बसल्या आणि मग प्लंबरनं भिंत ठोकून पाहिली. आतून पोकळ आवाज आला. टाइल्ससकट बोर्ड उघडावे लागले, तेही ऐन जुलैत. जून ते ऑगस्ट या काळात ओमानमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम कायद्यानंच बंद असतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे दुरुस्तीच्या कामाला दिवसाचे मोजके तास उरतात.

रत्नागिरी-सांगलीकडून आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स करून इकडे येणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट पहिल्यांदा सांगतो. घातलेला भाग कोणत्या पॅनेलचा आहे, हे सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे. टेक्लामध्ये नवा भाग पॅनेलच्या असेंब्लीत घेतला नाही, तर तो स्वतःच एक वेगळी असेंब्ली होऊन बसतो. आत घेतला तरी नंबरिंग पुन्हा चालवल्याशिवाय ड्रॉइंग आणि यंत्राची फाइल अद्ययावत होत नाही. रेव्हिटमध्येही असेंब्ली एडिट करून तो आत घ्यावा लागतो. म्हणून भाग घातल्यावर चित्राकडे बघू नका, यादी उघडा. त्या पॅनेलची भागसंख्या वाढली का? वजन वाढलं का? नसेल वाढलं, तर तो तुकडा अजून बाहेरच आहे.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. पडद्यावर पोलादातून पोलाद बिनतक्रार आरपार जातं. एक लांब नॉगिंग चार स्टडांमधून ओढलं तर चित्रात छान दिसतं, पण जोडणीच्या टेबलावर ते जाणार कुठून? एकतर स्टडांमधल्या अंतराएवढे तुकडे करायचे, किंवा स्टड येतो तिथे नॉगिंगच्या कडा कापायच्या. आपोआप होणाऱ्या फ्रेमिंगमध्ये हे काप बहुतेक वेळा प्रोग्रॅम स्वतः टाकतो. हातानं घातलेल्या भागावर ते आपणच टाकायचे असतात. शिवाय सी सेक्शनचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही पाहा. उलटं बसलं तर स्क्रू मारायला पाखीच (फ्लँज) मिळत नाही.

आणि उंची. वास्तुविशारद उंची देतो ती तयार फरशीपासून. पॅनेलचं शून्य मात्र खालच्या ट्रॅकच्या बुडाशी असतं. मध्ये कोबा आणि टाइल मिळून पाच-सात सेंटिमीटर सहज येतात. नॉगिंग पॅनेलमध्ये आहे, यादीत आहे, कापलंही गेलं आहे, आणि तरी बोल्ट त्याच्या वरून पोकळीत जातो. याचं दुःख पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता सगळे कागद बरोबर असतात. मी तर फरशीची रेघ पॅनेलच्या ड्रॉइंगवरच काढायला लावतो.

खिडकी उशिरा वाढली, तर फक्त वरचं लिंटेल घालून मोकळं होऊ नका. त्याचा भार खाली नेणारे दोन्ही बाजूंचे जॅक स्टड, खालची सिल, सिलखालचे आखूड स्टड, सगळं त्याच वेळी घाला. वाऱ्यासाठीची तिरकी पट्टी त्या जागेतून जात असेल तर ती स्वतःहून कापायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जायचं. ओमानच्या किनाऱ्यानं २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन आलं तेव्हा इथे रुसैलमध्येच कामगारांच्या राहत्या जागेवर डोंगराचा भाग कोसळून दोघे गेले. तो अपघात भिंतीच्या जोडणीचा नव्हता. पण तेव्हापासून कामगार निवासाचं पॅनेल हातात आलं की त्याच्या आड कोण झोपणार आहे, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ग्राहकाचा बदल येऊन भिंतीची लांबी बदलली आणि फ्रेमिंग पुन्हा चालवलं, तर काही प्रोग्रॅम हातानं घातलेले भाग पुसून टाकतात. काही ते जुन्या जागी ठेवून त्यांच्यावर नवे घालतात. म्हणून हातानं घातलेल्या प्रत्येक भागाची वेगळी वही ठेवा : पॅनेल क्रमांक, कशासाठी, फरशीपासून उंची, कुणी सांगितलं. नावाला एखादं ठरावीक अक्षर जोडलं तर यादीत गाळून पाहता येतं. प्रत्येक रिव्हिजननंतर वही आणि यादी समोरासमोर ठेवायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

पहिलं पॅनेल टेबलावर जोडलं जात असेल तेव्हा टेप घेऊन खाली जा. यंत्र प्रत्येक तुकड्यावर नाव छापतं. जोडणारा माणूस एखादा तुकडा हातात धरून ‘ये किधर लगेगा?’ असं विचारत असेल, तर बाकीच्या पॅनेलांचं कटिंग तिथेच थांबवायला सांगा. आणि साइटवर काही कापावं लागलंच, तर कापलेल्या कडेला जस्तयुक्त रंग लावायचा, हे ड्रॉइंगवर लिहून द्या. इथल्या किनाऱ्याच्या खाऱ्या दमट हवेत उघडी कड लवकर गंजते.