दोन भाऊ एकाच घरात : अपूर्णांकांचा एक धडा



या अंकात अहवालाऐवजी एक गणित पाठवतो आहे. बेंबळी परिसरातल्या पारधी मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग तुमच्या मदतीवर चालतो. तिथल्या फळ्यावर काय घडतं ते तुम्हांलाही कळावं, एवढाच हेतू. वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

आठवीची मुलं यंदा एनएमएमएस परीक्षेला बसणार आहेत. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मुलांचा धीर वाढावा म्हणून मी मुद्दाम त्या परीक्षेपेक्षा पुष्कळ अवघड उदाहरण घेतलं. अमेरिकेतल्या एआयएमई स्पर्धेत ते १९९१ साली विचारलं होतं.

१ पासून २० पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार करा. आता ० आणि १ यांच्या दरम्यानचे अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहा. त्यांपैकी किती अपूर्णांकांत अंश आणि छेद यांचा गुणाकार बरोबर तेवढाच येईल?

खरं सांगतो, आदल्या रात्री मी घरी गुणाकारच करत बसलो होतो. उत्तर एकोणीस अंकी आलं आणि पुढे काय करायचं ते सुचेना. म्हणून वर्गात लहान संख्येपासून सुरुवात केली.

अंश गुणिले छेद ३० हवा. मुलांनी लगेच सांगितलं : १/३०, २/१५, ३/१०, ५/६. चार.

मग १२ घेतला. फळ्यावर आलं : १/१२, २/६, ३/४. मी "तीन, बरोबर" म्हणणार, तोच मागे बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, २/६ चालत नाही. बारामधी दोन दोनदा हाय. ते दोघं भाऊ हायत. एक वर अन् एक खाली ठिवला, की दोघं बी कटून जात्यात."

२/६ चं अतिसंक्षिप्त रूप १/३, आणि १ × ३ म्हणजे ३, बारा नव्हे. चूक माझ्या लक्षात आली नव्हती, तिच्या आली. उत्तर दोन.

सगळी किल्ली त्या वाक्यात आहे. अतिसंक्षिप्त रूपात अंश आणि छेद यांना १ सोडून सामाईक अवयव नसतो. म्हणून एका मूळ संख्येचं सगळं कुटुंब एक तर वर, नाहीतर खाली राहतं. फाटाफूट चालत नाही.

आता मोठ्या उदाहरणाकडे वळू. २० पर्यंतच्या मूळ संख्या आठ : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. त्या गुणाकारात २ अठरा वेळा येतो, ३ आठ वेळा, ५ चार वेळा, ७ दोनदा, बाकीच्या एकेकदा. पण अठरा असोत की एक, कुटुंब एकत्रच राहायचं. म्हणजे प्रत्येक कुटुंबापुढे वाटा दोनच : वर किंवा खाली. आठ वेळा दोनाचा गुणाकार केला की २५६.

यातले निम्मेच १ पेक्षा लहान. कारण प्रत्येक अपूर्णांक उलटा केला की दुसरा मिळतो. जोडीतला एक १ पेक्षा लहान, दुसरा मोठा. उत्तर १२८.

ताळा पाहा. ३० मध्ये तीन मूळ संख्या : आठ, त्याचे निम्मे चार. १२ मध्ये दोन : चार, त्याचे निम्मे दोन. जुळलं.

आता त्या मुलीविषयी. तिच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला जातील. तिलाही नेणार आहेत, कारण दोघं फडात असताना कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही. ती गेली, तर परीक्षा बुडेल. आजी म्हणते, दोघंही पोरं माझ्याजवळ राहू द्या. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. पुन्हा जाणार आहे. त्यांना मी दोष देत नाही. उचल फेडायची आहे, आणि मुलांना मागे ठेवून जाणं कोणत्या आईबापाला सोपं वाटेल?

मुलं आजीजवळ राहिली, तर त्यांच्या सहा महिन्यांच्या शिध्याची सोय आपल्याला करावी लागेल. त्या घरासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या घरी आठवीतलं मूल असेल, तर त्याला ७२ ही संख्या द्या. अंश गुणिले छेद ७२ होईल असे, ० आणि १ यांच्या दरम्यानचे अतिसंक्षिप्त अपूर्णांक किती? बेंबळीच्या फळ्यावर त्याचं उत्तर तिनेच लिहिलं आहे : दोन.