विश्वास कशावर ठेवावा: आडनावावर की आचरणावर?



धम्मपदाच्या सुखवग्गातील २०४ व्या गाथेत तथागतांनी विश्वासाला सर्वश्रेष्ठ नातलग म्हटले आहे. म्हणजे जवळचा कोण, हे रक्तावरून नव्हे, विश्वासावरून ठरते. या शिकवणीचे मोल बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रसंगांत दिसते.

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईस परतले. उपजीविकेसाठी त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार! पण तो अस्पृश्य आहे हे कळताच लोकांनी पाठ फिरवली आणि व्यवसाय बंद पडला. प्रश्न सल्ल्याचा नव्हता, जातीचा होता.

१९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. ना जातीचे, ना धर्माचे नाते. १९२३ साली बाबासाहेब डी.एस्सी. झाले. गाथेतला नातलग तो हाच.

मग डोळे मिटून विश्वास ठेवावा का? नाही. कालामसुत्तात तथागत परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा मान एवढ्यावर विसंबू नका, स्वतः पारखा, असे सांगतात. सिगालोवाद सुत्तात पारखण्याच्या खुणाही आहेत: खरा मित्र गुपित राखतो, संकटात सोडत नाही. त्याच सुत्तात मालकाने कामगाराला झेपेल तेवढे काम द्यावे, योग्य वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, असेही आहे. विश्वास आधी आपल्या वागण्यातून द्यायचा असतो.

आयटीत आपण नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी संपूर्ण सिस्टिमचा अ‍ॅक्सेस देत नाही. पण काहीच दिले नाही, तर तो काम कसे करणार? लहान जबाबदारी द्यायची, कोड तपासायचा, मग अधिकार वाढवायचे. तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. मित्राला उसने पैसे देताना चार ओळी लिहून ठेवणे, हाही अविश्वास नव्हे. त्याने मैत्री टिकते.

डच लोक म्हणतात, विश्वास पायी येतो आणि घोड्यावरून जातो. रायस्वाइक असो वा दुसरे गाव, नव्याने आलेल्या मराठी माणसाला खोली, नोकरीची शिफारस किंवा भागीदारी देताना आपण काय पाहतो? आडनाव विचारून आपल्याला कोणी नाकारले, तर ते आपल्याला बोचते. मग आपणही आडनाव पाहून कोणाला जवळ किंवा दूर करू नये.

या महिन्यात स्वतःला दोन प्रश्न विचारा:

१. मी ज्यांच्यावर विश्वास ठेवत नाही, त्यांचे आचरण मी खरोखर पाहिले आहे का?
२. नवल भथेनांसारखा मी कोणाच्या शिक्षणाला किंवा व्यवसायाला हात देऊ शकतो?

उत्तरे कुटुंबात बोला, पुढच्या धम्मवर्गात मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!