विद्युत अभियांत्रिकीचा विभाग : आत जाऊन पाहण्याची गोष्ट

तिरोड्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत; तेथील वीज नेणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी तिरोड्याहून निघून कोराडी, अकोला असे टप्पे घेत छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाते; आणि त्याच गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धान घेणारा शेतकरी, लाईनची पाळी रात्रीची असली म्हणजे, हातात बॅटरी घेऊन मोटार सुरू करावयास बांधावर जातो, आणि गाव नवेगाव-नागझिऱ्याच्या रानालगतचे असेल तर वाघाची धास्ती मनात घेऊन जातो. विजेची एवढी विपुलता आणि एवढी ओढाताण एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी का नांदावी, आणि ती ओढाताण कोणत्या उपायांनी कमी व्हावी, याचा शास्त्रशुद्ध विचार जेथे शिकविला जातो आणि जेथे त्यात नवी भर घातली जाते, ते ठिकाण म्हणजे विद्यापीठातील किंवा राष्ट्रीय संस्थेतील विद्युत अभियांत्रिकीचा विभाग होय. असे असूनही बारावीचा निकाल लागला की आपल्याकडील पालक पसंतीक्रमाच्या अर्जात या शाखेस संगणकाच्या यच्चयावत पोटशाखांखाली जागा देतात. त्यांच्या चिंतेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. जमीन गहाण टाकून अथवा भविष्य निर्वाह निधीतून उचल करून फी भरणाऱ्या गृहस्थास नोकरीची शाश्वती विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच, की जी वस्तू आपण खाली ढकलतो ती निदान एकवार आत जाऊन पाहिलेली असावी.

पाहावयाचीच झाली तर ती फार दूरही नाही. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर आहे, आणि तेथे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान आहे, ज्यास वयस्क मंडळी अद्यापि व्ही.आर.सी.ई. म्हणूनच ओळखतात. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेस २००२ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील विद्युत विभागात पदवीच्या वर्गांखेरीज एकात्मिक विद्युत प्रणाली आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स व ड्राइव्हज असे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात, आणि डॉक्टरेटसाठी संशोधन करणारे विद्यार्थीही असतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवर संशोधन करणारे येथील प्राध्यापक हिरालाल सूर्यवंशी पुढे हमीरपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. ज्या पालकांच्या मनात संगणकाखेरीज दुसरी गोष्ट येतच नाही, त्यांनी याच महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याची हकीगत ध्यानात घ्यावी. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले विजय भटकर १९६५ साली येथून अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, बडोद्यास पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९७२ साली दिल्लीच्या आय.आय.टी.तून डॉक्टर झाले, आणि विद्युत अभियांत्रिकीच्याच पायावर उभे राहून त्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक देशास दिला. मुंबईच्या आय.आय.टी.त ‘अजित’ नावाचा सूक्ष्मप्रक्रियक २०१९ साली जाहीर झाला, तोही तेथील विद्युत अभियांत्रिकी विभागातच, प्राध्यापक माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली घडला. संगणकाकडे जाण्याचा एक राजमार्ग विद्युत विभागाच्या दारातून जातो, हे आपल्या पालकसभांतून फारसे कोणी सांगत नाही. कारण तेथे भाषण करावयास येणारे पुष्कळदा शिकवणी वर्गाचेच चालक असतात.

आता या विभागात प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. अध्यापनाचा भाग थोडक्यात उरकतो : गणित, परिपथ, विद्युत यंत्रे, वीजवहन, नियंत्रण, इलेक्ट्रॉनिक्स, आणि अलीकडे या सर्वांत मिसळलेले संगणन. अकरावीत ज्या काल्पनिक संख्या निरुपयोगी वाटल्या, त्यांच्यावाचून प्रत्यावर्ती प्रवाहाचे एक पानही उलटत नाही, तेव्हा ज्याला गणितापासून सुटका म्हणून शाखा निवडावयाची असेल त्याने इकडे मुळीच येऊ नये.

संशोधन हा शब्द ऐकला की आपल्याकडे पांढरा डगला आणि परदेश अशी काहीतरी कल्पना होते. वास्तविक या विभागांतील पुष्कळसे संशोधन आपल्याच गावच्या तक्रारींतून जन्मलेले असते. गावाच्या टोकाला, अकरा किलोव्होल्टच्या लांबच लांब फीडरच्या शेवटी, जी डीपी, म्हणजे वितरणाचे रोहित्र, बसविलेली असते तिच्यावर मंजुरीहून अधिक मोटारी चालतात आणि व्होल्टेज खाली येते. आता प्रेरण मोटारीचा नियम असा, की तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने घटले तर जोर ३६ टक्क्यांनी घटतो. पाणी ओढण्याचे काम मात्र तेवढेच राहते, म्हणून मोटार अधिक प्रवाह खेचते, तापते, आणि शेवटी तालुक्याच्या गावी मोटार भरणाऱ्याच्या दुकानात पोहोचते. तिकडे डीपीसुद्धा जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत धानाचे बांधीतले पाणी आटते. रोहित्राच्या आत उष्णता कोठे साठते, तेल आणि कागदाचे विद्युतरोधन कसे खंगते, शॉर्ट सर्किटच्या प्रवाहाच्या धक्क्याने वेटोळी कशी चेपली जातात, या प्रश्नांवर माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्युत विभागाचे एस. व्ही. कुलकर्णी आणि एस. ए. खापर्डे या दोन प्राध्यापकांचा रोहित्रांची रचना व व्यवहार यांवरील इंग्रजी ग्रंथ २००४ साली परदेशी प्रकाशकाने काढला. डीपीवर ग्रंथ लिहिता येतो, हे ऐकून आपल्या गावच्या वायरमनला गंमत वाटेल. पण ज्याला ती वारंवार का जळते हे कळले, त्याच्या विद्येची किंमत त्या वायरमनइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

दुसरे उदाहरण गोंदिया जंक्शनच्या फलाटावर उभे आहे. हावडा-मुंबई मार्गावरून जाणारे आजचे इंजिन तारेतून २५ किलोव्होल्टचा एककला प्रवाह घेते, त्याचे आधी एकदिश प्रवाहात आणि नंतर हव्या त्या वारंवारतेच्या त्रिकला प्रवाहात रूपांतर करते, आणि त्यावर आपल्या मोटारी चालविते. हे रूपांतर करणारे अर्धवाहकाचे स्विच एका सेकंदात शेकडो वेळा उघडतात व मिटतात. प्रत्येक उघडझापीत थोडी ऊर्जा वाया जाते, आणि बाहेर पडणारा तरंग जितका ओबडधोबड असेल तितकी मोटार कुरकुरते व तापते. हा तरंग अनेक लहान पायऱ्यांनी घडवून अधिक सुबक कसा करावा, स्विच कमी कसे लागावेत, एक बिघडला तरी काम कसे चालू राहावे, हे बहुस्तरीय इन्व्हर्टरचे संशोधन होय. हीच विद्या सौर कृषिपंपात लागते, विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत लागते, राइस मिलमधील मोटारीचा वेग हवा तसा राखावयास लागते. एका प्रयोगशाळेतील काम इतक्या दिशांना फाकते, म्हणूनच या शाखेचा पदवीधर एकाच उद्योगाच्या तेजी-मंदीवर अवलंबून राहत नाही.

आणखी एक क्षेत्र नुसते नमूद करतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य विभागांसह सुमारे साठ कोटी लोकांचा मुलूख अंधारात गेला. आपला पश्चिम विभाग वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी जोडले गेले. एवढ्या अवाढव्य यंत्राचे ठोके ५० हर्ट्झवर एकसारखे राखणे, आणि ढग येताच मावळणाऱ्या सौर विजेस त्यात सामावून घेणे, हे पुढील काळाचे काम आहे व त्यास माणसे लागणार आहेत.

विभागाची पारख करताना पालक प्रथम विचारतात ते पॅकेज. महाविद्यालयांच्या फलकांवर झळकणारा आकडा बहुधा एका मुलाचा असतो, आणि तो मुलगा कोणत्याही महाविद्यालयात असता तरी त्याला तेवढेच मिळाले असते, असे माझे प्रांजळ मत आहे. त्याऐवजी पुढील गोष्टींचा तपास करावा. यंत्रांच्या प्रयोगशाळेत मोटारी फिरतात की त्यांवर धूळ बसली आहे, आणि एका प्रयोगाभोवती किती मुले उभी असतात? कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती? त्यांचे शोधनिबंध कोणत्या विषयांवर आहेत, विभागात डॉक्टरेटचे काम चालू आहे काय, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प मुले स्वतः करतात की बाजारातून विकत आणतात? शेवटचा प्रश्न कार्यालयात विचारून उपयोग नाही; तो वसतिगृहातल्या मुलांना विचारावा, ती सरळ सांगतात.

आता एक गोष्ट, जी गोंदियासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची असून तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने हुशार मुलांचे नुकसान होते. भिलाई-दुर्ग आपल्याला नागपूरइतकेच जवळ, बालाघाटही शेजारी, म्हणून अकरावी-बारावीसाठी मुलास छत्तीसगडात, मध्य प्रदेशात किंवा थेट कोट्यास धाडण्याची तजवीज पुष्कळजण करतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि येथे स्वराज्य ठरते ते जन्मदाखल्यावरून किंवा वडिलांच्या सातबाऱ्यावरून नव्हे, तर बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली त्यावरून. सात पिढ्या आमगावात राहिलेल्या घरातील मुलाने बारावी भिलाईतून केली, तर नागपूरच्या संस्थेत तो परराज्याचा उमेदवार ठरतो. राज्याच्या सी.ई.टी.च्या प्रवेशांत पालकांच्या अधिवासाचा आधार मिळू शकतो, जे.ई.ई.च्या या प्रवेशांत तो मिळत नाही. आय.आय.टी.मध्ये असा राज्यनिहाय हिस्सा नसल्याने २०१६ साली सुरू झालेल्या भिलाईच्या आय.आय.टी.चे दार मात्र बारावी कोठूनही केली तरी सारखेच उघडे राहते.

खर्चाच्या बाबतीत घाबरून जाऊन अर्जच न करणे ही दुसरी चूक. राष्ट्रीय संस्थांत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस शिक्षणशुल्क माफ आहे. एक लाखाच्या आतील वार्षिक उत्पन्नाच्या घरांस पूर्ण, आणि एक ते पाच लाखांच्या घरांस दोन-तृतीयांश माफी आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून वेळीच काढून ठेवावा, कारण मुदत कोणासाठी थांबत नाही. पुढे गेट परीक्षा देऊन पदव्युत्तर प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये, आणि डॉक्टरेट करणाऱ्यास आरंभी दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. संशोधन म्हणजे बापाच्या जिवावर आणखी पाच वर्षे, हा समज त्यामुळे टाकून द्यावा. याच गेटच्या गुणांवर केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांतही अभियंत्यांची भरती होत आलेली आहे.

ज्याचा जे.ई.ई.त निभाव लागत नाही त्याने खट्टू होण्याचे कारण नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेता येतो, आणि ज्याचा हात यंत्रावर आधी बसला तो पुढे सिद्धान्तही मुरवून घेतो. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निघालेल्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्यांत पदविकाधारकास कनिष्ठ अभियंत्याचा हुद्दा मिळू शकतो. ही वाट दुय्यम समजणारे नातेवाईक भेटतील. त्यांचा सल्ला नम्रपणे ऐकून घ्यावा आणि आपला अर्ज वेळेवर भरावा.

तेव्हा पालकांस विनंती अशी, की पसंतीचा अर्ज भरण्यापूर्वी मुलास किंवा मुलीस घेऊन एक दिवस नागपूरची गाडी पकडावी, विभागप्रमुखांची आधी परवानगी घेऊन प्रयोगशाळा पाहाव्यात, आणि तेथे प्रश्न मुलाने विचारावेत, आपण मागे उभे राहावे.