वाट बदलताना आज्ञेचा आधार

परळ येथील एका उपदेशी बंधूंनी आम्हांस पत्राने एक पृच्छा केली आहे. ती त्यांच्या एकट्याची नव्हे, म्हणून तिचे उत्तर येथे सर्वांसाठी देत आहोत. ते लिहितात की, गेली दोन वर्षे अनुसरण घ्यावे, घरदार सोडून संन्यासमार्गास लागावे, अशी ओढ त्यांच्या मनात वाढत आहे. घरी ऐंशी वर्षांची माता आहे, मुलीचे शिक्षण चालू आहे. “ही ओढ परमेश्वराची म्हणावी की माझ्या मनाची? थांबलो तर अश्रद्धा, निघालो तर निष्ठुरता. खूण कोणती?” असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम ‘खूण’ या शब्दाचाच विचार करू. गिरणगावातील पुष्कळ कुटुंबे कोकणातून आलेली. गावी अडचणीच्या वेळी ग्रामदेवतेस कौल लावण्याची रीत आहे. उजवा कौल मिळाला की मन निश्चिंत होते. आपल्या शास्त्राने मात्र देवता आणि परमेश्वर यांत भेद केला आहे. जीवाने परमेश्वराचे मार्गदर्शन कौलात, स्वप्नात वा शकुनात शोधावयाचे नसते. आपली इच्छा आधी ठरलेली असते आणि शकुन तिला अनुकूल असा आपणच निवडतो, हा तर नित्याचा अनुभव आहे. मग मार्गदर्शन कोठे शोधावे? जी आज्ञा पूर्वीच झालेली आहे, तिच्यात.

याविषयी श्रीनागदेवाचार्यांचे चरित्र चिंतनीय आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तांचे सन्निधान संपले. ज्यांच्या दर्शनावर दिवस उगवत आणि मावळत असे, ते दृष्टीआड झाले. स्वामींच्या मागोमाग धावावे असे कोणाही भक्तास वाटणे स्वाभाविक होते. परंतु आज्ञा रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहण्याची होती. आचार्य तेथे गेले. श्रीप्रभूंचे वर्तन लौकिक बुद्धीस अनाकलनीय. ती सेवा सुखाची नव्हती. तरीही श्रीप्रभूंच्या प्रयाणापर्यंत आचार्य रिद्धपुरीच राहिले.

शके १२०९ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही प्रयाण केले आणि असन्निधानाचा खरा काळ आला. आता प्रत्यक्ष विचारावे असे कोणी उरले नाही. स्वामींच्या गमनानंतर या मंडळींनी काय केले? स्मरण करण्याची आज्ञा होतीच, तीच त्यांनी धरली. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून त्या मिळविल्या, आचार्यांकडून पारखून घेतल्या आणि त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. लेखनाचा मार्ग नवा होता, परंतु तो जुन्या आज्ञेतूनच निघाला होता. नव्या दिशेची पहिली कसोटी ही की, तिचे मूळ आज्ञेत सापडले पाहिजे.

दुसरी कसोटी स्मृतिस्थळातील एका प्रसंगात आहे. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात ग्रंथरचना करण्याकडे त्यांचा कल होता. विद्वानांत पंथाची प्रतिष्ठा वाढावी, हा हेतूही काही वाईट नव्हता. आचार्यांनी त्यांना थांबविले. कारण काय दिले? त्या भाषेमुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया धर्माला मुकतील! थोर पंडिताच्या थोर संकल्पाचा निर्णय आचार्यांनी म्हाताऱ्यांकडे पाहून केला. आपला पुढचा मार्ग कितीही उंच दिसो, आपल्याबरोबरचे सर्वांत दुर्बळ माणूस त्यात नागवले जात असेल, तर पुन्हा विचार करावा, हा या प्रसंगाचा बोध आहे.

आता पृच्छक बंधूंकडे वळू. आपल्या पित्याविषयी त्यांनी पत्रात जे सहज लिहिले आहे, त्यात त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पिता गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळांची नोकरी परत आली नाही. कित्येक गावी परतले. हे गृहस्थ मात्र पहाटे दादरहून भाजी आणून लालबागला रस्त्याच्या कडेला विकू लागले. माता चाळीतील खोलीत चार माणसांची खाणावळ चालवीत असे. देवाने मला हा मार्ग दाखविला, असे पिता कधी म्हणाले नाहीत. पाटी उचलण्यापूर्वीचे नामस्मरण आणि तराजूतील खरे माप, एवढ्या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. गिरणी गेली तरी आज्ञा राहिली होती. त्यांना दिशा त्या आज्ञेनेच दिली, असे आम्ही समजतो.

तथापि एक गोष्ट लपविणे योग्य नव्हे. आपले शास्त्र अनुसरणाच्या बाबतीत ‘पुढे पाहू’ असे म्हणू देत नाही. आयुष्य अनिश्चित आहे, आणि कर्तव्याच्या नावाखाली जीव जन्मभर घुटमळतो, हेही तितकेच खरे. म्हणून मातेला सबबीचे रूप देऊ नये. बंधूंनी स्वतःस विचारावे की, ही ओढ कशाकडे आहे आणि कशापासून आहे? नोकरीचा वीट, घरातील कलह, अपमान यांपासून पळणारा मनुष्य ते सर्व झोळीत घालूनच आश्रमात येतो.

आम्ही हे स्वानुभवाने लिहितो. एकोणिसाव्या वर्षी घरी भांडण करून आम्ही गुरूंच्या दाराशी गेलो. त्यांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि, “घरी जा. वर्षभर सर्वांशी गोड बोल. मग ये,” एवढेच सांगितले. त्या वर्षी राग निवाला, ओढ मात्र राहिली. राहिली ती खरी होती, असे मागाहून कळले.

म्हणून बंधूंना आमची सूचना अशी. प्रथम मातेपाशी बसून सर्व सांगावे. पत्नीशी आणि मुलीशीही मोकळेपणाने बोलावे. जिने संपाच्या काळात संसार तोलला, तिला न विचारता तिच्या नावाने थांबणे वा निघणे, दोन्ही अन्यायाचेच होय. तिच्या सेवेची आणि मुलीच्या शिक्षणाची निश्चित व्यवस्था करावी आणि त्यासाठी मुदत ठरवावी. तोपर्यंत परिग्रह कमी करावा, वाणी आवरावी, पहाटेचे स्मरण वाढवावे, आणि आपल्या गुरूंपुढे आपले मन वेळोवेळी उघडे करावे. मुदत सरल्यावर ओढ तशीच असेल, द्वेष नसेल, आणि मातेच्या मुखातून होकार आला असेल, तर विलंब करू नये.

पुढची सर्व वाट दिसली नाही तरी चालेल. आचार्य रिद्धपुरी निघाले तेव्हा लीळाचरित्र होणार आहे, हे त्यांना कोठे ठाऊक होते? त्यांच्यापाशी एक आज्ञा होती आणि तीनुसार ते चालू लागले.

दंडवत प्रणाम.