घरपट्टीची नोटीस : घाबरू नये, टाळू नये

कोर्टाचा कागद दारात आला की आपल्या लोकांच्या काळजात आजही धस्स होते. 'न्यायालय' हा शब्द दिसताच तो कागद फळीवर ठेवला जातो आणि तारीख उलटून गेल्यावर शिकलेल्या मुलाला दाखवला जातो. थकीत घरपट्टी, पाणीपट्टीच्या बाबतीत हे वारंवार घडते. म्हणून या विषयाची माहिती सभासद व विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

थकबाकी का साचते?

मालवण परिसरात याचे कारण बहुधा दांडगाई हे नसते. घर आजोबांच्या नावावर, मुलगे मुंबईत, आणि दार उघडते ते गणपतीत नाहीतर मे महिन्यात. बिल बंद दारातच राहते. घर सामाईक असेल तर थोरला म्हणतो धाकटा भरील, धाकटा म्हणतो थोरला भरील.

नगरपरिषदेच्या हद्दीत थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. बँकेत आकडेमोड करणाऱ्या आम्हांला हा दर मोठा वाटतो. 2,000 रुपयांच्या एका बिलावर महिन्याला 40, वर्षाला 480 आणि पाच वर्षांत 2,400 रुपये! मुद्दलापेक्षा शास्ती जड होते. ही शास्ती माफ करता यावी यासाठी कायद्यात सुधारणा करण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2025 साली मान्यता दिली. तेव्हा सवलत लागू आहे काय, हे कर विभागात अवश्य विचारावे.

कागद कोणता, ते ओळखा

पहिला कागद म्हणजे नगरपरिषदेची मागणीची नोटीस. 1965 च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे आधी बिल, नंतर मागणीची नोटीस आणि तरीही न भरल्यास जप्तीचे वॉरंट, असा क्रम आहे. ग्रामपंचायतींना 1958 चा कायदा लागू आहे.

दुसरा कागद राष्ट्रीय लोकअदालतीचा. यावर बहुधा 'वादपूर्व प्रकरण' असे लिहिलेले असते. म्हणजे दावा अद्याप दाखल झालेला नाही. तडजोडीसाठी बोलावले आहे. या दिवशी अटक होत नाही.

तिसरा कागद खरे समन्स. त्यावर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक व तारीख असते. येथे गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी चालू शकतो. म्हणून त्वरित वकील गाठावा.

लोकअदालतीत काय करावे?

जाण्यापूर्वी जुन्या पावत्या शोधाव्यात. ग्रामपंचायत असल्यास नमुना 8 चा उतारा घ्यावा. वर्षवार थकबाकीचा तक्ता मागून मूळ कर व शास्ती वेगळी मांडावी. भरलेले वर्ष पुन्हा लागले नाही ना, हे ताडून पाहावे. नोटीस मयताच्या नावे असेल तर मृत्यूचा दाखला व वारसांची कागदपत्रे न्यावीत.

तेथे हप्ते व शास्तीतील सवलत यावर बोलता येते. मूळ कर माफ होईल अशी आशा धरू नये. तडजोड मान्य नसेल तर नम्रपणे नाही म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र थकबाकी त्यामुळे पुसली जात नाही, पुढील वसुली चालूच राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाचल्याशिवाय सही करू नये. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नाही. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

मोफत वकील

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अपंग तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हा हा हक्क त्यांचाही आहे. मालवण न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ओरोस येथील जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. 15100 या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध झाला. कर कोण देतो, तो कुठे जातो, याचा हिशेब मागणे ही त्यांची शिकवण. आपण कर भरावा आणि वाडीतल्या पाण्याचा, दिव्याचा जाबही विचारावा. पावती हाती असणाऱ्याचा आवाज कचेरीत ठाम असतो.

विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. या सुट्टीत आपल्या वाडीतील चार घरांच्या पावत्या वर्षवार लावून द्याव्यात. म्हाताऱ्या आईला आलेला कागद तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. शिक्षणाचा उपयोग तो याहून वेगळा काय?