मागाची गती वाढविण्यापूर्वी कॅमवरील भाराचा हिशेब करा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील साध्या धोट्याच्या यंत्रमागावर उत्पादन वाढविण्याचा सोपा उपाय म्हणजे मोटारीची पुली मोठी करणे. कापड जास्त निघते खरे, परंतु त्याची किंमत मागाचा खालचा शाफ्ट व त्यावरील कॅम चुकवितात. याकडे आम्ही कारागीर बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

हा शाफ्ट व इंजिनाचा कॅमशाफ्ट एकाच जातीचे आहेत. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. साध्या मागातही तसेच. इंजिनाचा कॅम वॉल्व्ह उचलतो, मागाचा कॅम धोट्याला मार देतो. दोन्हीकडे भार सारखा नसून झटक्याचा असतो. स्प्रिंगच्या काट्यावर कापडाची गाठ अलगद ठेवली तर काटा वजन दाखवितो; एकदम सोडली तर क्षणभर दुपटीजवळ जातो. हाच गतिमान भार.

आता हिशेब पाहू. धोटा ४०० ग्रॅमचा आहे व २० सेंटीमीटर अंतरात त्याला सेकंदाला १२ मीटरचा वेग द्यायचा आहे, असे धरू. यासाठी सरासरी सुमारे १५ किलोचा जोर लागतो. कॅमचा दाब स्टिकच्या आसापासून धोट्याच्या एक चतुर्थांश अंतरावर पडत असेल, तर कॅमवर ६० किलो येतात. मागाची गती १२० वरून १५० केली आणि कॅम तोच ठेवला, तर धोट्याचा वेग १५ मीटर होतो आणि कॅमवरचा भार ९० किलोच्या वर जातो. गती सव्वापट, भार दीडपटीहून जास्त! कारण भार गतीच्या वर्गाने वाढतो.

हा सारा भार कॅम व रोलर यांच्यामधील एका बारीक रेषेवर पडतो. म्हणून कॅमचा पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट लागतो. १२० च्या गतीला प्रत्येक कॅम तासाला ३,६०० वेळा मार देतो. दहा तासांत ३६,०००. इतक्या वेळा ताण आला की धातू थकतो. बहुधा चावीच्या खाचेपासून बारीक तडा सुरू होतो व एके दिवशी शाफ्ट अचानक तुटतो.

तेव्हा चार गोष्टी पाळाव्यात. झिजलेल्या नाकावर वेल्डिंग करून अंदाजाने कानस मारू नये. आकार बिघडला की झटका वाढतो. रोलर मोकळा फिरतो की नाही हे रोज पाहून तेल द्यावे. कॅमचे बोल्ट व चावी ढिली ठेवू नये. माग बंद असताना खाचेजवळचा भाग पुसून तडा तपासावा.

गती वाढवायचीच असेल, तर जाणकार जॉबरकडून माराची वेळ व जोर पुन्हा बसवून घ्यावा. जोरात सुटलेला धोटा पेटीबाहेर उडाला, तर नुकसान केवळ लोखंडाचे होत नाही. शेजारच्या मागावरील कारागिराचा डोळाही जाऊ शकतो.