जुना ओटा, मोजका खर्च

अमेरिकेत स्वतःचं पहिलं घर घेताना आपल्या खिशाला परवडतं ते बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातलं. त्यातला ओटा लॅमिनेटचा: कडा सुटलेल्या, सिंकपाशी फुगवटा, बर्नरशेजारी तपकिरी गोल डाग. राहायला आल्याबरोबर ग्रॅनाइटचा भाव काढायला धावू नका. आधी ओट्याच्या पोटात काय आहे ते बघा.

लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेल्या कागदांचा पातळ थर, आणि त्याखाली लाकडाच्या भुशाची फळी. सिंकखालचं कपाट उघडा आणि फळी खालून बोटाने दाबून पाहा. भुसभुशीत लागली तर पाणी आत मुरलेलं आहे. तिच्यावर काहीही चिकटवलं तरी पैसे वाया जाणार. तेवढा भाग बदलावाच लागतो. फळी टणक असेल तर सिंकभोवतीचं जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरा. काही डॉलरांचं हे काम पुढचा मोठा खर्च टाळतं.

दुसरा शत्रू उष्णता. कडप्प्याच्या ओट्यावर वाढलेला आपला हात उतरवलेला कुकर सरळ खाली टेकवतो. लॅमिनेट साधारण १३५ अंश सेल्सियसपर्यंत तग धरतं आणि भाकरीचा तवा सहज दोनशेच्या पुढे जातो. क्वार्ट्‌झवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्यातली दगडाची भुकटी रेझिननेच बांधलेली असते आणि तापल्या भांड्याने तीही पिवळी पडते किंवा तडकते. ओटा कुठलाही असो, आडणी आधी घ्या.

हळदीचे डाग पाहून तर ओटा बदलायचं ठरवूच नका. औषधांच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कागदी टॉवेलवर ओतून तो डागावर तासभर ठेवा. आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहा. खिडकीतून ऊन येत असेल तर उरलेला पिवळेपणा उन्हानेही हळूहळू उडतो. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आता खरा प्रश्न, नवं रूप द्यायचं कसं? भाड्याच्या घरात चिकटणारा व्हिनाइल कागद पुरतो, पण घरमालकाला विचारून, आणि शेगडीपासून लांब. इपॉक्सीचा लेप देणारे तयार संच स्वस्त आणि देखणे असतात. मोजका स्वयंपाक करणारी घरं त्यावर खूश आहेत. जिथे रोज फोडणी होते, कणीक मळली जाते, खलबत्ता आपटतो, तिथे आम्ही तो सुचवत नाही. लेप पूर्ण कडक व्हायला बरेच दिवस जातात, तोवर ओटा जपून वापरावा लागतो, आणि पुढे ओरखडे पडतातच.

आमचा कौल दुसरीकडे आहे. लांबीचा मोठा भाग नव्या लॅमिनेटचा करा. बांधकाम-साहित्याच्या मोठ्या दुकानांत ठरावीक लांबीचे तयार ओटे मिळतात, साधारण २५ इंच रुंदीचे, मागची पट्टी जोडलेले. आणि शेगडीशेजारी तेवढाच एक तुकडा खऱ्या ग्रॅनाइटचा बसवा. दगड कापणाऱ्यांच्या आवारात मोठ्या कामांतून उरलेले तुकडे पडून असतात. ते पूर्ण स्लॅबच्या मानाने बरेच स्वस्त मिळतात. ‘रेम्नंट दाखवा’ एवढंच म्हणायचं. मापं कागदावर नेण्यापेक्षा पुठ्ठ्याचा साचा कापून न्या, कारण जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या ‘रीस्टोअर’ दुकानांतही लोकांनी दान केलेलं सामान मिळतं, पण तिथे आज दिसलं ते उद्या असेलच असं नाही.

३ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला ८ ते ९ किलो भरतो. खालचं कपाट डगमगत असेल तर ते आधी भक्कम करून घ्या. दगड घरी कापायच्या भानगडीत पडू नका. दगडाची, त्यातही क्वार्ट्‌झची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून त्याच्या ओट्यांवर बंदी घातली. कापणारा माणूस पाणी सोडून कापतो का, हे त्याला जरूर विचारा.

तुकडा बसवल्यावर त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. दगड गडद झाला तर सीलर लावूनच त्यावर तेला-तिखटाचं काम सुरू करा, आणि वर्षातून एकदा हीच परीक्षा पुन्हा घ्या.